वुडवर्डवरची काळी गाडी

डेट्रॉइटला पाहुणे आले की आमच्यापुढे एक पेच असतो. नायगारा त्यांनी आधीच पाहिलेला असतो, शिकागो झालेलं असतं, हेन्री फोर्डचं म्युझियम अर्ध्या दिवसात उरकतं. मग चहा पिता पिता न्यू जर्सीचे मेव्हणे विचारतात, "तुमच्या गावात बघण्यासारखं आणखी काय आहे हो?" पूर्वी या प्रश्नावर आम्ही खिडकीबाहेर बघायचो. आता सरळ सांगतो, "ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी या. तुम्हाला एक रस्ता दाखवतो."

रस्त्याचं नाव वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यू. डेट्रॉइट नदीपाशी तो सुरू होतो आणि वायव्येला पॉन्टियाक गावापर्यंत जातो. १९०९ साली याच रस्त्याचा सिक्स माइल ते सेव्हन माइल रोड हा तुकडा काँक्रीटचा केला. काँक्रीटचा पहिला मैलभर हमरस्ता म्हणून इथले लोक तो अभिमानाने सांगतात. पुढे १९५०-६० च्या दशकांत पोरं रात्री याच रस्त्यावर एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत शर्यती लावायची. मोटार कंपन्यांचे इंजिनियरही आपली नवी इंजिनं घेऊन तिथे गुपचूप यायचे म्हणतात. ते दिवस गेले. मग १९९५ साली फर्नडेल गावात मुलांच्या सॉकरच्या मैदानासाठी पैसे उभे करायला जुन्या गाड्यांची एक फेरी काढली, आणि तिचीच पुढे 'वुडवर्ड ड्रीम क्रूझ' झाली. फर्नडेल ते पॉन्टियाक, सुमारे १६ मैल, दिवसभर जुन्या गाड्या नुसत्या फिरत असतात. आपल्याकडे पालखीच्या वाटेवर लोक पहाटेपासून जागा धरून बसतात, तसे इथे घडीच्या खुर्च्या टाकून दुतर्फा बसलेले. फरक इतकाच, की इथे अबीर-बुक्क्याऐवजी पेट्रोलचा वास.

इतकी वर्षं डेट्रॉइटच्या परिसरात राहून आम्ही हे कधी पाहिलं नव्हतं. आठवडाभर गाड्यांच्याच इंजिनात डोकं घालायचं आणि शनिवारीही पुन्हा गाड्याच बघायच्या? २०२५ च्या ऑगस्टमध्ये मात्र चिरंजीवांनी हट्ट धरला. वय वर्षे १४. गाड्यांशी त्याचा संबंध आम्ही त्याला क्लासला सोडतो एवढाच. पण केंड्रिक लामार या रॅप गायकाने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'जीएनएक्स' नावाचा अल्बम काढला, आणि फेब्रुवारीत सुपर बोलच्या मध्यंतरात एका काळ्या गाडीच्या बॉनेटवर बसून कार्यक्रम सुरू केला. तेव्हापासून घरात त्याच गाडीचा जप चालला होता. "बाबा, ती गाडी मिशिगनमध्येच झाली ना? मग तुम्हाला माहीतच असेल!" आमची अब्रू पणाला लागली.

खरं सांगायचं तर आमचं मन तेव्हा थाऱ्यावर नव्हतं. आम्ही पोटापाण्यासाठी इंजिनाचं कॅलिब्रेशन करतो. पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी नेमकी कधी पाडायची, याचे आकडे गाडीतल्या संगणकात भरायचे. एम.एस. झाल्यापासून वीस वर्षं दुसरं काही केलं नाही. जुलैमध्ये ऑफिसात बैठक झाली. हातात असलेलं इंजिन हेच आमच्या विभागाचं शेवटचं, डिसेंबरअखेर ते हातावेगळं करायचं आणि मग विभाग बंद. काहींना बॅटरीच्या कामावर घेतील, बाकीच्यांचं पुढे बघू. त्या इंजिनात एक खोड होती. कडाक्याच्या थंडीत सुरू करताना ते दोनदा अडखळायचं आणि मग नीट चालायचं. नियमांच्या मर्यादेत सगळं बसत होतं. कोणी विचारणार नव्हतं. आम्हीही ठरवलं होतं, राहू दे आता.

तर त्या शनिवारी सकाळी साडेआठला सौ.ने पोह्यांचा डबा भरला, आम्ही खुर्च्या घेतल्या आणि बर्कलीच्या बाजूला एका दुकानाच्या पार्किंगमध्ये जागा मिळवली. समोरून शेव्ही, मस्टँग, चार दारांची लांबलचक कॅडिलॅक, कुणाची आजोबांच्या वेळची ट्रक. दीड तासात सौ. म्हणाली, "रंग मात्र काय सुंदर असायचे रे पूर्वी!" आणि तेवढ्यात चिरंजीव ओरडले, "ती बघा!"

त्याच पार्किंगच्या दुसऱ्या टोकाला ती उभी होती. काळी, चौकोनी, दिसायला अगदीच गरीब. चाकांच्या कमानी थोड्या फुगवलेल्या, पुढच्या मडगार्डवर गरम हवा बाहेर जायला फटी, काळी जाळीदार चाकं. क्रोमची चमक जवळजवळ नाहीच. आजूबाजूच्या पिवळ्या-लाल सुंदऱ्यांमध्ये ती लग्नात आलेल्या अबोल काकांसारखी दिसत होती.

ही ब्यूइक जीएनएक्स. १९८७ या एकाच वर्षी झाली आणि झाल्या फक्त ५४७. ब्यूइक म्हणजे तेव्हा डॉक्टर-वकिलांची, निवृत्त माणसांची गाडी. त्याच कंपनीची 'रीगल' ही साधी दोन दारांची गाडी, तिची जोरकस काळी आवृत्ती 'ग्रँड नॅशनल', आणि तिच्यातून निवडून पुन्हा हात फिरवलेली ही जीएनएक्स. कागदावर २७६ अश्वशक्ती. त्याच साली कॉर्व्हेटची होती २४०. 'कार अँड ड्रायव्हर' मासिकाने चाचणी घेतली तेव्हा तिने शून्यापासून ताशी ६० मैलांचा वेग ४.७ सेकंदांत गाठला. कागदावरचा आकडासुद्धा मुद्दाम कमी सांगितला होता, असं जाणकार मानतात. किंमत ३० हजार डॉलर्सच्या थोडी आत.

गंमत म्हणजे हे सगळं सहा सिलिंडरच्या इंजिनावर, आणि तेही एकदा भंगारात काढलेल्या! हा इतिहास आम्ही चिरंजीवांना तिथेच उभ्या उभ्या सांगितला. १९६२ च्या गाड्यांसाठी ब्यूइकने आठ सिलिंडरच्या इंजिनातले दोन कमी करून स्वस्तातलं व्ही-सिक्स बनवलं. पण आठांसाठी ठीक असलेला ९० अंशांचा कोन सहांना मानवेना. ठिणग्या समान अंतराने पडेनात, इंजिन लंगडत चालल्यासारखं थरथरायचं. पेट्रोल पाण्याच्या भावाने मिळत होतं, मोठी इंजिनं लोकांना हवी होती. १९६७ साली कंपनीने या इंजिनाची सगळी यंत्रसामग्री जीपवाल्या कायझर कंपनीला विकून टाकली. मग १९७३ चं तेलसंकट आलं. लहान इंजिन कुठून आणायचं? जीप तोवर अमेरिकन मोटर्सकडे गेली होती. १९७४ मध्ये तिच्याकडून तीच विकलेली यंत्रं परत विकत घेतली! १९७७ मध्ये क्रँकशाफ्टच्या पिना दुभागून ते लंगडणं घालवलं. १९७८ मध्ये टर्बो बसवला.

टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा, जो इंजिनात जास्त हवा कोंबतो. पण हवा कोंबली की तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम लागतो ना, तसंच. तापलेली हवा विरळ, आणि इंजिन अवेळी ठोके द्यायला लागतं. म्हणून १९८६ मध्ये ती हवा वाटेत थंड करणारा इंटरकूलर आला. जीएनएक्समध्ये तो आणखी सुधारला, टर्बोचं चाक सिरॅमिकचं केलं म्हणजे हलकं, लवकर फिरू लागणारं. संगणकातले आकडे नव्याने भरले (म्हणजे आमचंच काम!). आणि एवढा जोर मागच्या चाकांनी रस्त्यावर उतरवावा म्हणून मागच्या अ‍ॅक्सलला नवे दांडे लावून तो जागच्या जागी धरून ठेवला. नुसती ताकद वाढवून गाडी होत नाही, ताकद पेलणारं सगळंच बदलावं लागतं. आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातला कोणताही मिस्त्री हे सांगेल.

गाडीचे मालक भले गृहस्थ. त्यांनी चिरंजीवांना आत बसू दिलं. डॅशबोर्डवर छोटी पट्टी आणि त्यावर गाडीचा क्रमांक, तीनशेच्या घरातला. चिरंजीवांचा चेहरा प्रसाद मिळाल्यासारखा झाला.

आम्ही मात्र बोलत राहिलो ते शेजारी खुर्ची टाकून बसलेल्या एका म्हाताऱ्याशी. ऐंशीच्या आसपासचे असतील. आम्हाला वाटलं, मालकांचे वडील. "छे," ते म्हणाले, "एवढी महाग गाडी कोण घेणार? मी फक्त दारं लावायचो." ते पॉन्टियाकच्या कारखान्यात होते. ग्रँड नॅशनल तिथेच बनायच्या. तिथून निवडक गाड्या एएससी-मॅक्लारेन या लोकांकडे जायच्या आणि तिथे त्यांच्या जीएनएक्स व्हायच्या. मोठं नाव त्यांचं झालं, पण दारं बसली ती यांच्या हातून.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या त्या रीगलचे दिवस भरले होते. १९८८ ची रीगल पुढच्या चाकांवर चालणारी, सर्वस्वी नवी, आणि ती पॉन्टियाकला होणार नव्हती. म्हणजे जीएनएक्स हा एका जाणाऱ्या गाडीचा निरोपसमारंभ होता. डिसेंबर १९८७ मध्ये शेवटची ग्रँड नॅशनल बाहेर पडली आणि तिथलं काम संपलं.

आम्ही न राहवून विचारलं, "बंद होणार हे माहीत होतं, तेव्हा काम कसं व्हायचं?"

म्हातारबाबा थोडं हसले. "पहिले दोन आठवडे वाईट झालं. कोणाचं लक्ष नव्हतं. माझ्या जोडीला एक जण होता, तो प्रत्येक दार लावून झालं की दोनदा बंद करून आवाज ऐकायचा. बंद होणार म्हटल्यावरही ऐकायचा. मी म्हटलं, अरे आता कशाला? तर म्हणाला, आपली शेवटची असेल, घेणाऱ्याची नवीच आहे ना."

मग ते उठले, काठी टेकत त्या गाडीपाशी गेले आणि मालकांना विचारून उजवं दार दोनदा बंद केलं. अडतीस वर्षं झाली होती. आवाज अजून घट्ट होता.

दुपारी गर्दी वाढली तशी आम्हीही गाडी काढली आणि गोगलगायीच्या वेगाने पॉन्टियाकपर्यंत गेलो. आपल्यापैकी बरेच जण पॉन्टियाकला जातात ते पराशक्तीच्या देवळात. दर्शन घ्यायचं, प्रसाद घ्यायचा आणि परत फिरायचं. गावात कोणी शिरत नाही. आम्हीही शिरलो नव्हतो. वुडवर्ड गावात पोचतो तिथे एका जुन्या ट्रक कारखान्याच्या जागेवर आता एम-वन कॉन्कोर्स आहे. श्रीमंतांच्या जुन्या गाड्या ठेवायला खाजगी गॅरेजं आणि त्या पळवायला दीड मैलाचा ट्रॅक. जिथे हजारो माणसं गाड्या बनवायची तिथे आता थोडी माणसं गाड्या जपतात. गावाच्या नावाची मोटार पॉन्टियाक, तीही २०१० मध्ये बंद झाली. आणि ती शेवटची ग्रँड नॅशनल? २०२२ च्या जानेवारीत लिलावात पाच लाख डॉलर्सला गेली. चिरंजीव म्हणाले, "मग ते आजोबा दारं लावायचे त्यांना काय मिळालं?" याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. सौ.ने पोह्यांचा डबा पुढे केला.

सोमवारी ऑफिसात गेलो आणि ते अडखळणारं इंजिन पुन्हा कोल्ड चेंबरमध्ये लावून घेतलं. रात्रभर उणे तीस अंशांत ठेवायचं, सकाळी किल्ली फिरवायची, आकडे बदलायचे, पुन्हा रात्रभर. दिवसाला एकच प्रयत्न. सहकारी म्हणाले, "वेडा आहेस का?" सहा आठवडे लागले. ऑक्टोबरात एका सकाळी किल्ली फिरवली आणि ते एका दमात सुरू झालं. आम्ही बंद करून पुन्हा सुरू केलं, नुसतं ऐकायला.

डिसेंबरात विभाग बंद झाला. सध्या संध्याकाळच्या वर्गात बॅटरीचं रसायनशास्त्र शिकतो आहोत. वर्गात सगळ्यात म्हातारे आम्हीच. घरी चिरंजीव प्रश्न विचारून अभ्यास घेतात.

तुमच्यापैकी कोणी येणार असाल तर सकाळी नऊच्या आत पोचा, खुर्च्या, टोप्या आणि भरपूर पाणी आणा, आणि गाडी वुडवर्डपासून दोन गल्ल्या आत लावा. आमच्याकडे उतरायला जागा आहे. पोह्यांची जबाबदारी आमची.