पणजोबांचं साल

शहाड स्टेशनाबाहेर माझं फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, पॅन, लाइट बिल, सगळंच. पत्ता कल्याण-डोंबिवली महापालिकेचा, पण उल्हासनगरचा एक नंबर कॅम्प हाकेच्या अंतरावर, त्यामुळे निम्मं गिऱ्हाईक सिंधी. माझ्याइतके पाकिस्तानी पासपोर्ट जवळून बघितलेला मराठी माणूस या भागात क्वचितच सापडेल. लाँग टर्म व्हिसा वाढवून घेणारे, नागरिकत्वाचा अर्ज टाकून वर्षानुवर्षं थांबलेले, पाकिस्तानी पासपोर्टची मुदत संपली की नूतनीकरणासाठी दिल्ली गाठणारे. एप्रिल 2025 मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तान्यांचे व्हिसा रद्द झाल्याची बातमी आली, तेव्हा दुकानाचा फोन खाली ठेवता येत नव्हता. हिंदूंचे लाँग टर्म व्हिसा कायम आहेत, असा खुलासा येईपर्यंत कोणी जेवलं नसेल.

पण मला सांगायचंय ते व्हिसावाल्यांचं नाही, त्यातून पार झालेल्या एका घराचं. दोन चुलतभावांचं.

दोघांचे आजोबा सख्खे भाऊ, शिकारपूरचे. थोरले 1948 च्या जानेवारीत कराचीहून बोटीनं मुंबईला उतरले आणि कल्याणच्या लष्करी छावणीतल्या एका बराकीत आले. राजगोपालाचारींनी या वस्तीला उल्हासनगर नाव दिलं ते 8 ऑगस्ट 1949 ला, म्हणजे हे त्याच्या आधीचे. धाकटे वडिलांबरोबर शिकारपूरलाच दुकान सांभाळत राहिले. 1992 च्या डिसेंबरात बाबरी पडली, तिकडे देवळांवर हल्ले झाले, त्यानंतर 1993 मध्ये धाकट्यांचा मुलगा बायको-पोराला घेऊन पाकिस्तानी पासपोर्टवर इकडे आला. तीन नंबर कॅम्पात भाड्याची खोली, कापडाच्या दुकानात नोकरी. नागरिकत्वाची फाइल ठाण्याच्या कलेक्टर कचेरीतून मंत्रालयात आणि तिथून दिल्लीला. ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना असे अर्ज स्वतः मंजूर करायचा अधिकार मिळाला तो 2016 च्या डिसेंबरात. या फाइलीच्या वेळी तसं काही नव्हतं. वर्तमानपत्रात जाहिरात, दोन भारतीयांची चारित्र्याबद्दलची प्रतिज्ञापत्रं, आणि शेवटी पाकिस्तानी नागरिकत्व सोडल्याचा कागद. घरी नागरिकत्वाची प्रमाणपत्रं आली तेव्हा अम्मांनी, म्हणजे त्या पोराच्या आईनं, अख्ख्या मजल्यावर मिठाई वाटली होती.

पुढे थोरल्यांचा नातू न्यू जर्सीत अमेरिकन झाला, धाकट्यांचा टोरांटोत कॅनेडियन. दोघांचाही भारतीय पासपोर्ट गेला, कारण परदेशाचं नागरिकत्व आपणहून घेतलं की आपल्या कायद्यानं भारताचं संपतं. राहतं ते ओसीआय कार्ड. लोक त्याला दुहेरी नागरिकत्व म्हणतात, ते नव्हे. मत नाही, निवडणूक नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. आयुष्यभराचा व्हिसा म्हणा. पण म्हाताऱ्या आईबापाला भेटायला रात्रीत विमान पकडायचं असेल, तर तेवढं पुष्कळ.

दोघांचे अर्ज भरायचं काम घरच्यांनी माझ्याकडे दिलं. न्यू जर्सीवाल्याचं सहज होईल असं वाटत होतं. कायद्यात मात्र एक अट आहे: अर्जदार स्वतः, त्याचे आई-वडील, आजी-आजोबा किंवा पणजी-पणजोबा यांपैकी कोणीही कधी पाकिस्तानचा किंवा बांगलादेशचा नागरिक असेल, तर कार्ड मिळत नाही. आजोबांची चिंता नव्हती. 19 जुलै 1948 च्या आधी आलेल्यांना संविधानानंच नागरिक धरलंय; त्यानंतरच्यांना नोंदणी करावी लागली. प्रश्न पणजोबांचा होता. ते धाकट्या मुलाबरोबर शिकारपूरलाच राहिले आणि तिथेच गेले.

“कधी गेले?” मी विचारलं.

दुकानात बसलेल्या तिघांनी तीन सालं सांगितली. एक म्हणाले, फाळणीनंतर लगेच, धक्क्यानं. दुसऱ्यांना एकोणीसशे बावन्न पक्कं आठवत होतं, कारण त्या साली त्यांचं लग्न ठरलं होतं. अम्मा म्हणाल्या, “भाऊ, मरनेवाले की तारीख कौन लिखता है?”

पाकिस्तानचा नागरिकत्व कायदा 13 एप्रिल 1951 ला लागू झाला. कल्याणच्या माझ्या ओळखीच्या वकिलांचं म्हणणं, त्याआधी जो वारला त्याला त्या कायद्यानं नागरिक केलंच नाही. मग कोणाला तरी हरिद्वार आठवलं. थोरल्यांनी वडिलांच्या अस्थी तिथे सोडल्या होत्या; शिकारपूरचा एक नातलग त्या घेऊन आला होता. घरातलंच एक माणूस हरिद्वारला जाऊन पंड्याच्या वहीतल्या पानाचा फोटो घेऊन आलं. माघ, संवत 2007. म्हणजे 1951 चा फेब्रुवारी. म्हाताऱ्यानं दोन महिने आधी डोळे मिटले म्हणून नातवाच्या मुलाच्या अर्जात ‘नाही’ असं खरं लिहिता आलं. कार्ड आलं.

धाकट्यांच्या नातवासाठी कुठल्याही वहीचा उपयोग नव्हता. त्याचे वडील पाकिस्तानी होते, तो स्वतः लहानपणी पाकिस्तानी होता. मध्ये काही वर्षं तो पुरा भारतीय होता, उल्हासनगरच्या शाळेत मराठी शिकला, इथे मतदान केलं, हे त्या अटीपुढे मोजलं जात नाही. नियम सुरक्षेसाठी आहे, हे मला कळतं. पण सात वर्षांच्या पोराला ज्या देशातून पळवून आणलं, तोच देश त्याच्या कपाळावर कायमचा चिकटवून ठेवणं मला पटत नाही, आणि मी हे गिऱ्हाइकांसमोरही बोलतो.

यातली खरी चेष्टा वेगळीच. पाकिस्तान आपल्या माणसांना दोन पासपोर्ट ठेवू देतो. सगळ्या देशांसाठी नाही, ठरावीक यादी आहे. ब्रिटन, अमेरिका, कॅनडा त्यात आहेत. तिथल्या पाकिस्तान्याला नायकॉप नावाचं ओळखपत्र मिळतं, ते दाखवून तो व्हिसाशिवाय कराचीला उतरतो. फक्त खासदारकीला उभं राहता येत नाही. 2012 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं दुहेरी नागरिकत्वासाठी अकरा लोकप्रतिनिधींना घरी बसवलं होतं. भारत त्या यादीत नाही, असणारही नाही. म्हणजे हे कुटुंब 1993 मध्ये शिकारपूरहून उल्हासनगरऐवजी थेट टोरांटोला गेलं असतं, तर पोराकडे आज दोन देश असते. भारतात आल्यामुळे एक सोडावा लागला, आणि जो सोडला त्याच्यामुळे दुसऱ्याचं कार्डही नाही. हे मी अम्मांना हिशेब मांडून सांगितलं. त्या म्हणाल्या, तिकडचं कार्ड घेऊन करायचं काय, तिकडे आहे कोण?

इकडे मात्र त्या आहेत, गुडघे धरून बसलेल्या, दुसऱ्या मजल्यावर. मुलाला ई-व्हिसाही मिळत नाही; मूळ पाकिस्तानचं असलेल्यांना ती सोय नाही. कॅनडाच्या पासपोर्टवर त्याला साधा व्हिसा मागावा लागतो, वडिलांचं-आजोबांचं जन्मस्थान लिहून, आणि तो कधी येईल ते कोणी सांगू शकत नाही. गेल्या खेपेला आला तो वडिलांच्या बाराव्याला नव्हे, वर्षश्राद्धाला.

आता डिसेंबरात धाकट्या बहिणीचं लग्न आहे. अर्ज मीच भरून ठेवलाय, तिकडून तो सही करून देईल. हॉलचा अ‍ॅडव्हान्स व्हिसा हातात पडल्यावरच द्या, असं मी अम्मांना बजावलं. त्यांनी तो आदल्या दिवशीच देऊन टाकला होता.