मॅगझिन बदलण्याइतका वेळ

देवनारच्या आमच्या गच्चीवरून दोन डोंगर दिसतात. एक तुर्भ्याचा, खराखुरा. दुसरा कचऱ्याचा, १९२७ पासून रचत आणलेला, वर घारींच्या घिरट्या. वारा तिकडून वळला की गच्ची ओस पडते, आणि आमच्या इमारतीतले निवृत्त जमादार नेमकी तीच वेळ साधतात. त्यांची पुतणी नुकतीच पोलिसांत लागली आहे. सुटीला आली की काका तिच्या कमरेला होल्स्टर बांधतात. आत सुताराकडून करून घेतलेलं लाकडी पिस्तूल.

‘‘मूठ आधी बसू दे गं. बाहेर काढल्यावर पकड सुधारायला कोण वेळ देणार तुला?’’

मग तळहात दाबून घट्ट बसतो, पिस्तूल सरळ वर येतं, नळी समोर वळते, पोटाशी थांबलेला डावा हात येऊन मिळतो. तर्जनी मात्र चापावर नाही, बाजूला ताठ. काका सगळ्यात जास्त ओरडतात ते या बोटासाठी. भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमं स्वसंरक्षणाचा हक्क देतात, पण गरजेपुरताच. ती गरज ठरेपर्यंत बोट बाहेर राहायला हवं, आणि ठरवायला वेळ तरी किती? नेमबाज राही सरनोबतने २०१८ मध्ये जकार्ता-पालेम्बांगच्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण मिळवलं. त्यातल्या जलद फेरीत हात खाली धरून उभं राहायचं. लक्ष्याचे तीन सेकंद मिळतात, त्यात हात उचलून एकच गोळी. मग सात सेकंद उसंत. रस्त्यावर ही उसंत नसते, म्हणून गच्चीवर एवढी घोकंपट्टी.

मला खरं तर पिस्तूल उपसण्यापेक्षा ते पुन्हा भरण्याचा सराव बघताना जास्त अस्वस्थ व्हायला होतं. उपसण्यात अजून आशा असते. कदाचित नुसत्या दिसण्याने समोरचा थबकेल. भरायची वेळ येते तेव्हा पहिल्या गोळ्यांनी काही मिटलेलं नसतं. (हिंदी सिनेमातल्या नायकाला हे दुःखच नाही.) रिकामं मॅगझिन खाली पडतं, डावा हात पट्ट्यावरचं दुसरं शोधतो, तर्जनी त्याच्या पुढच्या कडेवरून सरकून वरच्या गोळीच्या टोकाला टेकते. अंधारातही दिशा कळते ती या स्पर्शाने. नजर सगळा वेळ समोर. तेवढा वेळ हातात शस्त्र असूनही माणूस निःशस्त्र.

तुकाराम ओंबळे यांना हे सगळं ठाऊक असणार. साताऱ्याच्या जावळीतल्या केडंब्याचा हा माणूस आधी लष्करात होता, मग मुंबई पोलिसांत आला. पण २६ नोव्हेंबर २००८ च्या, मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्याच्या रात्री गिरगाव चौपाटीच्या नाक्यावर त्यांच्याकडे होती ती काठी. ना उपसायला काही, ना भरायला. त्यांनी हल्लेखोर कसाबच्या एके-४७ ची नळीच धरली आणि गोळ्या लागत असतानाही सोडली नाही. मॅगझिन बदलायला लागतो तसाच थोडका वेळ त्यांच्या सहकाऱ्यांना मिळाला, आणि कसाब जिवंत हाती लागला. हे कुठल्या सरावात बसवायचं, मला कळत नाही. लाकडी पिस्तुलाच्या त्या शिकवणीत तरी ते नाही.

२००९ मध्ये त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. २०२१ मध्ये संशोधकांनी महाराष्ट्रात सापडलेल्या एका नव्या कोळ्याला त्यांचं नाव दिलं: आयशियस तुकारामी. हा कोळी जाळं विणून वाट बघत बसणाऱ्यांतला नव्हे. भक्ष्यावर थेट झेप घेणाऱ्यांतला.