कामाच्या आतलं काम

जुईनगरच्या शाळेत दहावीचा वर्ग बरीच वर्षं माझ्याकडे आहे. रेल्वे कॉलनीतली मुलं, वाशीच्या एपीएमसी मार्केटात राबणाऱ्या माथाडी-मापाड्यांची मुलं, सिडको येण्याआधीपासून इथं असलेल्या आगरी-कोळी घरांतली मुलं, सगळी एकाच बाकावर बसतात. जानेवारी उजाडला की पालकांचा प्रश्नही एकच असतो. ‘मॅडम, याला कुठली लाइन घ्यायची?’

2016 पासून काही वर्षं राज्य मंडळानं दहावीच्या मुलांची कलचाचणी घेतली. वाणिज्य, ललित कला, कृषी, तांत्रिक, गणवेशधारी सेवा अशा क्षेत्रांपैकी मुलाचा ओढा कुठं आहे ते अहवालात छापून यायचं. मी त्या चाचणीच्या बाजूनं होते आणि आहे. माझ्या वर्गातल्या कित्येक मुलांना ‘तुला काय आवडतं?’ हे त्याआधी कुणी विचारलंच नव्हतं. पण अहवाल हातात पडला की घरोघर त्याचं रूपांतर एखाद्या नोकरीच्या नावात व्हायचं, आणि खरी अडचण तिथून सुरू व्हायची.

2018 च्या बॅचमधल्या एका मुलाच्या अहवालात ‘गणवेशधारी सेवा’ आलं. आईनं लगेच पोलीस भरतीचं मनावर घेतलं, पहाटे धावायलाही पाठवायला लागली. पोरगा अबोल. वर्गात दोघं भांडायला लागले की हा उठून दुसऱ्या बाकावर जाणार. मी त्याला शाळा सुटल्यावर थांबवून विचारलं, ‘गणवेशात तुला नेमकं काय आवडतं?’ बराच वेळ गप्प बसून तो म्हणाला, ‘कुणी काय करायचं ते ठरलेलं असतं. वाद घालावा लागत नाही.’

बंदोबस्तावरच्या शिपायाला तर दिवसभर वादच मिटवावे लागतात!

जॉन हॉलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1959 साली मांडलेला विचार मला इथं उपयोगी पडला. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात भरती होणाऱ्यांच्या मुलाखती घेताना त्याला माणसांचे काही ठरावीक साचे दिसले होते. पुढे त्यानं सहा प्रकार केले: हातानं काम करणारे, शोध घेणारे, कलावंत, माणसांत रमणारे, पुढाकार घेणारे आणि नियम-नोंदींत रमणारे. पण त्यानं कामाच्या जागांचेही तेच सहा प्रकार केले, आणि मला मोलाचं वाटतं ते हे. नुसतं माणसाला मोजून भागत नाही, कामही मोजावं लागतं. मुलं हल्ली मोबाइलवर सोळा व्यक्तिमत्त्वांची चाचणी देतात आणि चार अक्षरं मिरवतात. त्यात ही दुसरी बाजू सहसा नसतेच. आमचा हा अबोल मुलगा हॉलंडच्या पहिल्या आणि शेवटच्या प्रकारात चपखल बसत होता.

कॉलनीतल्या एका मोटरमनकाकांना मी त्याच्याशी बोलायला सांगितलं. त्यांनी पगार, क्वार्टर, पास यांचं नावही काढलं नाही. केबिनमध्ये एकट्यानं बसायचं, मागून गार्डच्या दोन घंटा आल्याशिवाय गाडी हलवायची नाही, डबल यलो दिसला की पुढच्या सिग्नलची तयारी ठेवायची. जुईनगरला तुर्भ्याकडून येणारा रूळ आणि सानपाड्याकडून येणारा रूळ एकत्र येतात, तिथं आपल्याला कुठला सिग्नल आहे हे रोज नव्यानं बघायचं. कालच्या आठवणीवर जायचं नाही. मुलगा डोळे मोठे करून ऐकत होता.

त्यानं आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड घेतला आणि गाडी चालवायची म्हणून रेल्वेच्या 2024 च्या असिस्टंट लोको पायलट भरतीचा अर्ज भरला. आधीच्या परीक्षा पार करून तो संगणकावरच्या अभियोग्यता चाचणीपर्यंत गेला. ही चाचणी मला फार प्रामाणिक वाटते. तुम्ही स्वतःला कसे समजता हे ती विचारत नाही. स्मरण, सूचनांचं पालन, अंतराचा अंदाज, एकाग्रता, नजरेचा वेग अशा पाच कसोट्या असतात आणि प्रत्येकीत किमान 42 चा टी-स्कोअर लागतो. एकीत कमी पडलं तर दुसरीतले जास्तीचे गुण कामाला येत नाहीत, आणि कुठल्याच प्रवर्गाला सवलत नाही. गाडीत हजारो माणसं असतात, तेव्हा हे असंच हवं.

तो अंतराच्या अंदाजात अडला. घरात सुतक पडल्यासारखं झालं. पण आम्ही कामाचं नाव बाजूला ठेवून आतली कामं लिहून काढली होती, तो कागद त्याच्याकडे होता: ठरलेला क्रम, एकट्यानं काम, यंत्र, नोंदवही. आज तो नवी मुंबईतल्या टॉवरांच्या लिफ्ट सांभाळतो. वर मशीन रूममध्ये ब्रेक, दोर आणि मजल्यामजल्यावर दरवाज्यांची कुलपं एकेक करून तपासतो आणि प्रत्येकापुढे खूण करून सही करतो. आईला अजून रेल्वेच हवी आहे. मला मात्र तो त्याच्या जागी पोचला असं मनापासून वाटतं.

आता मी नववीलाच एक काम देते. दिवाळीच्या सुट्टीत कुणाच्या तरी कामाच्या ठिकाणी अर्धा दिवस बसायचं आणि तासातासाला तो माणूस काय करतो ते लिहायचं. ‘डॉक्टर रुग्ण तपासतात’ असलं वाक्य मी परत करते. ठाण्यात मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच संस्था 1991 पासून ‘वेध’ ही व्यवसाय-प्रबोधन परिषद भरवते, तिथं माणसं व्यासपीठावर बसून आपल्या कामाबद्दल मोकळेपणानं बोलतात. ते ऐकूनच मुलांनीही असं विचारत सुटावं असं मला वाटू लागलं.

यंदा एक मुलगी वडिलांबरोबर कांदा-बटाटा मार्केटला गेली. वडील मापाडी. तिनं लिहिलं, ‘बाबा काटा रिकामा असताना आधी बघतात. व्यापारी घाई करतो तरी बघतात. शेतकरी तेव्हा बाबांकडेच बघत असतो.’ मी तिला विचारलं, यातलं तुला काय करायला आवडेल? म्हणाली, काटा बघायला. राज्याच्या वैधमापन खात्यात निरीक्षक असतात, लोकसेवा आयोगाकडून भरले जातात, त्यांचं कामच काटे तपासण्याचं असतं, हे तिला माहीत नव्हतं. विज्ञानाच्या पदवीवरून जायचं तर त्यात भौतिकशास्त्र लागतं, हेही सांगितलं. गेल्या आठवड्यात तिचे वडील मार्केटमधून थेट शाळेत आले. अकरावीला सायन्स घेतलं तर क्लासशिवाय जमेल का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.