सिग्नलला बंद पडणारी गाडी

गेले दोन वीकेंड बाबांच्या आरएक्स १०० पायी गेले. इंजिन नुकतंच बांधून आणलेलं. बोअर, पिस्टन, रिंगा, ऑइल सील सगळं नवीन. पण आयडलला टिकेल तर शपथ! रेस आपोआप चढायची आणि मग भुकभुक करत सिग्नलला बंद. बायपासनंतर बाबांना परत परत किक मारणं झेपणारं नाही.

मी आपला इंजिनिअर. पायलट जेट साफ केला, एअर स्क्रू फिरवला. फरक शून्य. प्लग काढला तर पांढराफटक. बाबा म्हणाले, "हवा जास्त खातेय. अशीच पळवलीस तर नवा पिस्टन जाम होईल."

मग गाडी थंड असतानाच सुरू करून एकेका जोडावर थोडं थोडं डब्ल्यूडी-४० मारलं. सिलिंडर-मॅनिफोल्डच्या जोडावर मारताच आयडल बदललं. तिथलं गॅस्केट जुनंच!

"तू नवीन काय घातलं तेच तपासत होतास," बाबा म्हणाले, "जुनं काय ठेवलं ते आधी बघावं."

ऑफिसात हाच बग मी दर महिन्याला शोधतो. असो.

काल बाबा वर्षभरानं गाडीवर बसले. सिग्नलला थांबले. गाडी चालूच होती.