ज्याला डॉक्टर काका नाही, त्याचं काय?

सोलापुरात कुणालाही पत्ता विचारा, तो तुम्हाला आधी सात रस्त्यापर्यंत आणून सोडणार आणि मग म्हणणार, ‘तिथनं कुणाला पण विचारा की!’ सात रस्ते एकत्र येतात म्हणून सात रस्ता. नावात काही गूढ नाही, सरळसोट हिशेब! इथंच शासकीय विश्रामगृह आहे. मंत्री सोलापूरला आले की इथं उतरतात आणि मंत्री उतरले की हातात निवेदनं घेऊन शिष्टमंडळं गोळा होतात. पाणी द्या, अनुदान द्या, यंत्रमागाला वीज स्वस्त द्या. थोडक्यात काय, सरकारनं काहीतरी करावं म्हणून लागलेली रांग.

या रांगेत माझे काका मात्र उलटं निवेदन घेऊन उभे राहिले होते. सरकारनं काहीही करू नये, एवढीच त्यांची मागणी!

काका डॉक्टर आहेत. सात रस्त्यापासून पाच मिनिटांवर त्यांचं बारा खाटांचं नर्सिंग होम. खाली ओपीडी, वर वॉर्ड आणि त्याच्यावर घर. तीस वर्षं हाच संसार. अक्कलकोट, मंगळवेढा, पार कर्नाटकातल्या इंडीपर्यंतचे पेशंट येतात. फी नसेल तर शेंगांची पिशवी ठेवून जातात आणि काका ती घेतात. असा माणूस आरोग्याच्या कायद्याचं नाव काढलं की एकदम लाल होतो. आमच्या घरात राजकारणावरून फार भांडणं होत नाहीत, पण ‘क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स’ हे दोन शब्द उच्चारले की काकू मुकाट्यानं टीव्हीचा आवाज वाढवते.

तर हा कायदा काय आहे? संसदेनं तो २०१० साली केला. दवाखाना असो की पाचशे खाटांचं हॉस्पिटल, प्रत्येकानं नोंदणी करायची, किमान दर्जा पाळायचा, दर लावून ठेवायचे, दर सरकारनं ठरवलेल्या मर्यादेत ठेवायचे आणि तातडीच्या पेशंटला आधी स्थिर करायचं. जिल्ह्याच्या नोंदणी प्राधिकरणाचा अध्यक्ष कोण, तर जिल्हाधिकारी. नोंदणीशिवाय चालवलं तर पहिल्या वेळी पन्नास हजारांपर्यंत दंड, नंतर दोन लाख, मग पाच लाख. पण आरोग्य हा राज्यांचा विषय, त्यामुळे कायदा घ्यायचा की नाही हे प्रत्येक राज्यानं ठरवायचं. महाराष्ट्रानं घेतला नाही. इंडियन मेडिकल असोसिएशनचा विरोध होता. आपल्याकडे १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदाच चालू राहिला. म्हणजे वयानं आमच्या आजोबांच्या पिढीतला!

काकांचं म्हणणं

‘काय बोलालास बे!’ ही काकांची सुरुवात. ‘माझ्याकडं बाळंतपणं होतात. रात्री दोन वाजता कुणी हार्ट अटॅकचा पेशंट आणून टाकला तर त्याला स्थिर करा म्हणतो तुमचा कायदा. करतो की! पण कशानं? त्याचे पैसे कोण देणार? आणि तो गेला तर माझ्या काचा कोण भरून देणार?’

हे नुसतं रडगाणं नाही. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे. काका म्हणतात, तो कायदा झोपलेला असतो आणि फॉर्म ‘एफ’चा कायदा मात्र टक्क जागा असतो. गर्भलिंग निदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्यात प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीचा हा फॉर्म भरावा लागतो. कायद्याचा हेतू शंभर टक्के योग्य, हे काकाही मान्य करतात. पण त्यांच्या एका मित्राचं मशीन एका रिकाम्या रकान्यापायी सील झालं आणि ते सोडवून घेता घेता त्या माणसाचे केस पांढरे झाले. तेव्हापासून ‘तपासणी’ हा शब्द ऐकला की काकांना कपाटातल्या फायली आठवतात.

त्यांचा दुसरा मुद्दा आणखी पक्का आहे. दर्जाचे नियम मोठ्या हॉस्पिटलला झेपतात. त्यांच्याकडे फक्त कागद सांभाळायला वेगळी माणसं असतात. बारा खाटांवाल्यानं पेशंट बघायचे की रजिस्टर भरायचं?

आणि सरकार दारात आलं की घाबरायचं, हे आपल्या रक्तातच आहे म्हणा ना. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. साथरोग कायदा नुकताच आला होता. रँडच्या हाताखालचे गोरे सोल्जर घराघरांत शिरून पेशंट शोधत होते, थेट देवघरापर्यंत जात होते. टिळकांनी त्यावर टीकेची झोड उठवली. २२ जून १८९७ ला चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. प्लेग रोखायला हवाच होता, पण ज्या पद्धतीनं रोखला ती लोक विसरले नाहीत. सोलापूरकरांना तर १९३० चा मार्शल लॉ आठवतो. त्यानंतर फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांचा चौक शहराच्या मधोमध आहे. सरकार म्हणजे चांगलंच करणार, असं या शहरानं कधी गृहीत धरलं नाही.

बरं, काका जगात एकटे नाहीत. ज्या ब्रिटनच्या एनएचएसचं आज तिथं एवढं कौतुक, तिच्याविरुद्ध १९४८ च्या फेब्रुवारीत तिथल्या जवळपास ९० टक्के डॉक्टरांनी कौल दिला होता. ५ जुलैला ती सुरू झालीच. कॅनडात सस्कॅचवान प्रांतात १९६२ साली सरकारी आरोग्य विमा आला, तेव्हा डॉक्टर तीन आठवडे संपावर गेले. अमेरिकेत १९६१ साली तर चक्क रेकॉर्ड निघाली होती. सरकारी आरोग्यसेवा आली की पुढं स्वातंत्र्यच जाणार, हे सांगणारा आवाज होता रोनाल्ड रेगन यांचा! ओबामांच्या २०१० च्या कायद्यावर तिथले रिपब्लिकन अनेक वर्षं तुटून पडले होते. आणि आपल्या राजस्थानात २०२३ च्या मार्चमध्ये आरोग्य हक्काचं विधेयक मंजूर झालं, तेव्हा खासगी डॉक्टर रस्त्यावर उतरले. काही हॉस्पिटलांना वगळण्याचा समझोता झाला तेव्हा कुठं संप मिटला.

म्हणजे भाषा बदलते, पण वाक्य तेच. ‘पेशंट आणि डॉक्टरच्या मध्ये सरकार नको.’

काउंटरवर

दोन वर्षांपूर्वी आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. काकांच्या नर्सिंग होममध्ये ही सोय नाही, म्हणून सोलापुरातल्याच एका खासगी हॉस्पिटलात नेलं. त्याचं नाव फुले योजनेच्या यादीत नव्हतं. मी फ्रीलान्सर, त्यामुळे कंपनीचा मेडिक्लेम वगैरे चैन नाही. ‘साधारण साठपर्यंत जाईल,’ असं तोंडी सांगितलं होतं. डिस्चार्जच्या दिवशी बिल आलं ९३ हजार. त्यात ‘कन्झ्युमेबल्स’ नावाची एकच ओळ ११,४०० रुपयांची. त्याखाली काहीही तपशील नाही.

मी दरपत्रक मागितलं. २०२१ च्या जानेवारीत राज्यानं नर्सिंग होमचे नियम सुधारले. त्यानुसार रुग्णहक्कांची सनद आणि मुख्य सेवांचे दर दर्शनी भागात लावायला हवेत, हे मला ठाऊक होतं. काउंटरवरच्या मुलीनं भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट दाखवलं. फ्रेममध्ये छान सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, ‘दरपत्रकासाठी स्वागतकक्षात चौकशी करावी.’ आणि मी उभा होतो स्वागतकक्षात!

शेवटी काकांना फोन लावला. काकांनी तिथल्या मोठ्या डॉक्टरांना लावला. आठ मिनिटांत लाल पेनानं ‘कन्सेशन’ लिहिलेलं बिल परत आलं, ७८ हजार. कुणी काही समजावलं नाही, कुणी काही विचारलं नाही. पंधरा हजार रुपये हवेतून आले होते, ते हवेत गेले.

माझ्या मागं इंडीकडचे एक आजोबा उभे होते. हातात बिल, खिशात कर्नाटकचं रेशनकार्ड. इथल्या योजनेत ते चालत नाही. २०२३ मध्ये महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांना ही योजना लागू करायचं ठरवलं, तर कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बोम्मई यांनी आक्षेप घेतला. आमच्या हद्दीत ढवळाढवळ नको! आजोबांचं गाव तर त्या यादीतही नव्हतं. माझं बिल कमी झालेलं त्यांनी पाहिलं होतं. मी कुणीतरी साहेब आहे असं वाटून ते हळूच म्हणाले, ‘आमचं पण जरा बघा की सर.’

मी काउंटरवरच्या मुलीला दोनदा विनंती केली. ती म्हणाली, ‘त्यांचं रेफरन्स कुणाचं आहे?’

इथं माझं आणि काकांचं गणित फिसकटतं. मी त्याच रात्री त्यांना म्हटलं, ‘काका, तुम्ही म्हणता मध्ये कुणी नको. पण आज तुम्हीच मध्ये होता. कायद्याचं काम तुमच्या फोननं केलं. ज्याला डॉक्टर काका नाही, त्यानं कुणाला फोन करायचा?’

काका बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘म्हणून कलेक्टरला फोन करायचा होय?’

मध्ये आधीच कुणीतरी आहे

खरी गंमत पुढंच आहे. काकांच्या मध्ये तिसरा माणूस केव्हाचा येऊन बसलाय. त्याचं नाव टीपीए. विमा कंपनीच्या वतीनं क्लेम बघणारी ही मंडळी. बाळंतिणीला चौथ्या दिवशी का ठेवलं, हे विचारायचा अधिकार त्यांना आहे. पॅकेजचा दर ते ठरवतात, वरचे पैसे कापतात, कापल्याचं कारण एका ओळीत ई-मेलनं येतं. काका चिडतात, पण सही करतात. तिथं मोर्चा नाही, निवेदन नाही. दर ठरवणारं सरकार म्हणजे हुकूमशाही आणि दर ठरवणारी कंपनी म्हणजे बिझनेस, हा कुठला फंडा? निदान सरकारला निवडणुकीत पाडता तरी येतं.

सरकारचा हात नेहमी बरोबर असतो, असं मी म्हणत नाहीये. कोविडमध्ये २०२० च्या मे महिन्यात राज्यानं खासगी हॉस्पिटलांतल्या ८० टक्के खाटा ताब्यात घेतल्या. कोविडच्या पेशंटसाठी दिवसाला वॉर्डचे ४ हजार, आयसीयूचे साडेसात हजार, व्हेंटिलेटरसह ९ हजार असे दर बांधून दिले. पण आदेशाचा हात नॉन-कोविड पेशंटच्या दरांपर्यंतही गेला. ऑक्टोबरमध्ये मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं तेवढा भाग चालणार नाही असं सांगितलं. मला हे उदाहरण आवडतं. सरकारनं हद्द ओलांडली, कोर्टात दाद मागता आली, हात मागे घ्यावा लागला. त्याच काळात महापालिकांनी बिलं तपासायला ऑडिटर नेमले होते आणि लोकांची बिलं कमीही झाली. बिलाकडं बघून ‘हे कशाचे?’ असं विचारणारा माणूस काउंटरवर उभा करता येतो, हे त्या दोन वर्षांत दिसलं.

सोलापूर तर अशा प्रयोगांना जुनं आहे. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी योजना ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपण होतो. तिचीच पुढे महात्मा फुले योजना झाली आणि १ जुलै २०२४ पासून पाच लाखांचं कवच राज्यातल्या सगळ्यांना मिळालं. काका म्हणतात दर परवडत नाहीत, पैसे उशिरा येतात. बरोबर आहे. मग भांडायचं ते त्यासाठी. दर परवडणारे द्या, पैसे ठरलेल्या तारखेला द्या, बारा खाटांना आणि पाचशे खाटांना वेगवेगळे नियम लावा, तक्रार ऐकणाऱ्या समितीत डॉक्टरही बसवा आणि पेशंटही. जन आरोग्य अभियानासारख्या संघटना रुग्णहक्कांसाठी वर्षानुवर्षं मागण्या करतायत. या कामात छोटे डॉक्टर त्यांच्या शेजारी उभे राहिले, तर इन्स्पेक्टर राज येणार नाही. लांब राहिले तर कायदा मोठी हॉस्पिटलंच लिहून घेतील.

कारण कायदा न येऊन छोटं नर्सिंग होम वाचलं, असंही झालेलं नाही. काकांची मुलगी पुण्यात एका कॉर्पोरेट हॉस्पिटलात नोकरी करते. परत येणार नाही म्हणते. काकांची इमारत भाड्यानं मागायला एक साखळी हॉस्पिटलवाले दोनदा येऊन गेले. त्यांचा माणूस फार नम्र आहे. फाइल उघडत नाही, दम देत नाही, फक्त आकडा सांगतो. काकू हो म्हणते, काका अजून नाही म्हणतात.

मात्र गेल्या दिवाळीत काकांनी ओपीडीच्या भिंतीवर स्वतःच्या अक्षरात दरांचा बोर्ड लावला. नॉर्मल बाळंतपण, सिझेरियन, दिवसाचं खाटभाडं, सगळं रुपयांत. ‘आता लोक बोर्ड वाचून भाव करालेत बे,’ अशी तक्रार आहे त्यांची. पण बोर्ड काढलेला नाही. कायद्याला विरोधही सोडलेला नाही!

तोवर तुमच्या-माझ्यासारख्यांनी काय करायचं? ऑफिसचा मेडिक्लेम आहे म्हणून निवांत राहू नका. आई-बाबांना ॲडमिट करताना अंदाजपत्रक लेखी मागा. दरपत्रक बघायला मागा. बिलात एकाच ओळीत हजारो रुपये दिसले तर त्याची फोड मागा, आणि मागताना आवाज थोडा मोठा ठेवा. मागं उभ्या असलेल्यालाही ऐकू जायला हवं की हे मागता येतं.