“तो खातो कसा, ते दाखवा ना!”

आमच्या बैठकीतली फिशटँक पाहून नवा पाहुणा हमखास विचारतो, “रिकामी का ठेवलीय हो?” तळाशी बारीक वाळू, चार वाळकी पानं नि एक ओंडका, एवढंच दिसतं. त्या ओंडक्याशेजारी आणखी एक चपटं, मातकट लाकूड आहे ना, तोच आमचा मासा, असं सांगितलं की काचेला नाकं लागतात. मग ते मोहरीएवढे डोळे नि डोक्याइतकंच रुंद तोंड दिसतं, नि बायका “अगंबाई!” म्हणून मागे सरतात.

याला इकडे बंगालात चेका म्हणतात. शास्त्रातलं नाव चाका चाका. मांगूर, शिंगाळा यांच्यासारखाच हाही मिशीवाला, बिनखवल्यांचा. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातल्या नद्या-तळ्यांच्या गाळात पडून राहणारा. फ्रान्सिस हॅमिल्टन या डॉक्टरांनी 1822 साली गंगेतल्या माशांवर पुस्तक लिहिलं, त्यात याची नोंद आहे. पाण्याबाहेर काढलं की हा ‘चाक चाक’ असा आवाज करतो, त्यावरून नाव पडलं म्हणतात. मी तो आवाज ऐकलेला नाही, नि ऐकायची वेळ येऊ नये.

ह्यांची बदली कोलकात्याला झाली, नि बागबाजारजवळच्या गॅलिफ स्ट्रीटवर रविवारी सकाळी भरणाऱ्या बाजारातून ह्यांनी हा आणला. “अगदी गरीब मासा,” असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. गरीब खराच. कुणाच्या मागे धावत नाही. नुसता पडून राहतो आणि तोंडाच्या कोपऱ्यातल्या मिशा गांडुळासारख्या वळवळवतो. खाऊ समजून छोटा मासा जवळ आला की तोंड उघडतं, पाण्याबरोबर मासा आत! आपली पापणी लवायच्या आत सगळं संपलेलं, आणि हा पुन्हा लाकूड.

हे एकदा पाहिलेल्या माणसाला पुन्हा पाहायचं असतं. ह्यांनी गप्पी माशांची पिशवी घरात कायमचीच आणून ठेवायला सुरुवात केली. पाहुणे आले की चहा, बिस्किटं आणि एक गप्पी. मुलाचे मित्र तर रांग लावून बसायचे. एका संध्याकाळी चार गप्पी गेले नि चेक्याचं पोट असं तटतटलं की तीन दिवस तो कुशीवरच कलंडून होता.

सासूबाई इतके दिवस काही बोलल्या नव्हत्या. आमच्या घरात कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात वर्ज्य, पण माशाने मासा खाल्ला म्हणून त्यांनी कधी नाक मुरडलं नाही. त्या दिवशी मात्र ह्यांना म्हणाल्या, “भुकेला खातो तो त्याचा धर्म. पाहुण्यांसाठी त्याला खायला घालायचं, हा आपला कुठला?”

“मग ठेवायचा तरी कशाला? एरवी तो करतो काय?” हे रागावलेच. खरं म्हणजे प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. पण सासूबाईंचं म्हणणं मला पटलं होतं. गप्पी बंद झाले.

मेलेलं खाद्य याला खायला शिकवणं म्हणजे हट्टी पोराला कारल्याची भाजी चारण्यासारखं. याला हललेलंच कळतं. मी खराट्याची एक बोथट काडी घेतली, तिला सोललेल्या कोळंबीचा तुकडा लावला नि रात्री दिवे मालवून त्याच्या तोंडापुढे हळूहळू हलवू लागले. कोळंबी सोलायची कशी, हे शेजारच्या बंगाली दीदीने शिकवलं. ती हसून बेजार! “असला मासा आम्हीसुद्धा खात नाही, आणि तुम्ही शाकाहारी माणसं त्याला भरवता!” सुरी नि पाट वेगळा, तोही बाल्कनीत.

एकोणीस दिवस त्याने तोंड उघडलं नाही. असे मासे बरेच दिवस उपाशी काढू शकतात हे वाचलं होतं, तरी जिवाला घोर लागला. रोज सकाळी सासूबाई देवपूजेआधी विचारायच्या, “खाल्लं का गं?” मुलं तापाने पडली की विचारत, अगदी तसंच. विसाव्या रात्री दीदीच्या गच्चीवरच्या कुंडीतलं गांडूळ त्याने घेतलं. कोळंबी त्यानंतर दोन आठवड्यांनी.

आता आठवड्यातून दोनदाच खाणं, त्याहून जास्त नाही. कुणाला हौस असेल तर सांगते: टाकी उंच नको, पसरट हवी; हा वीतभराच्या आतच राहतो, पण तळ मोठा लागतो. टोकदार खडी नको. खवले नसल्याने माशांची औषधं फार जपून. कल्ल्यांमागच्या परांत करवतीसारखा काटा असतो, तेव्हा उघड्या हाताने उचलायचं नाही. तोंडात मावेल असा सोबती ठेवायचा नाही. आणि त्याच्या तोंडात बरंच मावतं! बाजारचे जिवंत मासे रोगही घेऊन येतात, हे गप्पी बंद करायला आणखी एक कारण.

पाहुणे हिरमुसतात. “काहीच करत नाही हो!” म्हणतात. मी मात्र रात्रीची आवराआवर झाली की दहा मिनिटं तिथे बसते. कल्ले हलतात, मिशीचं टोक थरथरतं, नि कधीतरी तो वाळूवरून वीतभर सरकतो. मला तेवढं पुरतं.

ह्यांची पुण्याला बदली व्हायची चिन्हं आहेत. “मुठेत सोडून देऊ,” असं कुणीसं सुचवलं. इथला मासा तिथल्या नदीत? मुळीच नाही. पिशवीत पाणी किती, हवा किती, प्रवास किती तासांचा, याची चौकशी आता हेच करत फिरताहेत. हुकूम अजून हातात आलेला नाही. सासूबाईंनी मात्र सामानाच्या यादीत खराट्याच्या काड्या लिहूनसुद्धा टाकल्या आहेत.