उताणं झोपवेना तेव्हा

माझ्या धाकट्या भावाला जमिनीवरून उठताना मांडीवर हात टेकावे लागत. वजन वाढलंय, व्यायाम कर, असं जो तो सांगे. मग त्याला उताणं झोपवेना. “ताई, पडलं की पाण्यात बुडाल्यासारखं होतं,” म्हणायचा. उशांवर उशा रचून अर्धवट बसूनच रात्र काढायची, सकाळी डोकं जड आणि दुपारी ऑफिसात डुलक्या. ईसीजी, टूडी इको, छातीचा एक्सरे, सगळं नॉर्मल. बोटाला लावायच्या यंत्रावर दिवसा ऑक्सिजनही ठीक दिसायचा.

शेवटी एका न्यूरॉलॉजिस्ट बाईंनी त्याला उताणं झोपवलं आणि काही न बोलता नुसतं पोटाकडे पाहत राहिल्या. श्वास घेताना पोट फुगायला हवं. त्याचं आत ओढलं जात होतं. छाती आणि पोटामधला पडदा थकला होता. नळीत फुंकायची तपासणी बसून केली, मग झोपवून केली. झोपल्यावर आकडा धाडकन खाली आला. कागदावर वाळवलेल्या रक्ताच्या थेंबांतून निदान झालं: पॉम्पे. पेशींतलं ग्लायकोजेन फोडणारं एन्झाइम कमी पडतं, ग्लायकोजेन साठत जातं आणि स्नायू निकामी होऊ लागतात.

आईने पहिला प्रश्न विचारला, “माझ्याकडून आलं का?” आई आणि बाबा, दोघांकडूनही सदोष जनुक यावं लागतं, त्या दोघांना स्वतःला काहीच त्रास नसतो. हे तिला पुन्हा पुन्हा सांगावं लागलं.

आता रात्री बायपॅप, म्हणजे मास्कमधून श्वासाला आधार देणारं यंत्र, लागतं. मास्कने नाकावरची कातडी सोलवटते, तिथे आई चिकटपट्टी लावते. वीज गेली तर म्हणून इन्व्हर्टर घेतला. पण सकाळची डोकेदुखी गेली, आणि तो पुन्हा आडवा झोपतो.

एन्झाइमचं औषध २००६ पासून आहे. दर पंधरवड्याला सलाइनमधून, तेही जन्मभर. केंद्र सरकारच्या दुर्मिळ आजार धोरणात पॉम्पे आहे, मुंबईचं केईएम रुग्णालय त्यातलं एक उपचार केंद्र आहे. मदतीची मर्यादा ५० लाख. मोठ्या माणसाच्या वजनाला लागणारा डोस पाहता ती फार दिवस पुरणारी नाही. जन्मभराच्या औषधाला एकदाच मदत, हे मला अन्यायाचं वाटतं.

घरात कुणाचे हातपाय अशक्त होत असतील आणि आडवं पडल्यावर धाप लागत असेल, तर डॉक्टरांना फुंकण्याची तपासणी झोपवूनही करायला सांगा. आणि अशा माणसाला श्वासाला आधार न देता नुसता ऑक्सिजन लावू देऊ नका. अंगात साठणारा कार्बन डायऑक्साइड त्याने वाढू शकतो.